विहिरीत उतरलेला दुसरा माणूस

एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे विहिरींचा गाळ निघतो. पाणी तळाला गेलेलं असतं, शेत रिकामं असतं, यारी भाड्याने मिळते. याच दिवसांत कधीतरी ती बातमी कानावर येते. गाव बदलतं, पण सांगण्याची रीत तीच राहते. एक जण उतरला आणि त्याचा आवाज बंद झाला. काय झालं बघायला भाऊ उतरला, तोही बोलेना. मग शेजारच्या शेतातला पट्टीचा पोहणारा गडी उतरला. संध्याकाळी तिघांनाही दोरांनी वर काढलं. पाणी गुडघाभर होतं.

शेवटचं वाक्य सांगताना माणसं आवाज खाली आणतात, कारण त्यांच्या लेखी तोच पुरावा असतो. पोहणारा गडी गुडघाभर पाण्यात बुडतोच कसा? अंगावर जखम नाही, साधी हाकसुद्धा मारली नाही. विहिरीच्या काठावर शेंदूर फासलेले सात दगड असतात, साती आसरांचे, म्हणजे पाण्यातल्या सात देवतांचे. त्यांनीच नेलं, असं ठरतं. नारळ फुटतो, कोंबडं कापलं जातं, आणि विहीर होती तशीच राहते.

परभणी, बीड, लातूर या पट्ट्यात लहानाचा मोठा झालेल्या माणसाने हे ऐकलेलं नाही असं होत नाही. मीही ऐकत आलोय. पहिल्या माणसाचा मृत्यू हा अपघात असतो, त्याला काहीच ठाऊक नव्हतं. पण दुसरा आणि तिसरा मृत्यू टळण्यासारखा असतो. हा लेख त्या दुसऱ्या माणसासाठी आहे.

आपण श्वासात घेतो त्या हवेत ऑक्सिजन जवळपास २१ टक्के असतो आणि कार्बन डायऑक्साइड ०.०४ टक्क्याच्या आसपास. जमिनीच्या आतली हवा मात्र वेगळी असते. मुळं श्वास घेतात, मातीतले जिवाणू पालापाचोळा कुजवतात, आणि या सगळ्यांत ऑक्सिजन खर्च होऊन कार्बन डायऑक्साइड तयार होतो. मातीच्या पोकळ्यांतल्या हवेत तो एक टक्का, कधी कित्येक टक्के भरतो. हा वायू हवेच्या दीडपट जड असतो. उघड्या रानात वारा त्याला पांगवतो. पण चाळीस-पन्नास फूट खोल, अरुंद, काळ्या पाषाणात खोदलेल्या विहिरीच्या तळाला वारा पोचतच नाही. तिथे तो पेल्यातल्या पाण्यासारखा साचून राहतो. त्याला रंग नाही आणि असा वास नाही की माणूस सावध व्हावा. वर्षानुवर्षं फळ्या टाकून झाकलेला जुना आड तर याहून धोक्याचा.

“अहो, कालच तर तो उतरला होता, काही झालं नाही!” हे वाक्य प्रत्येक वेळी ऐकू येतं, आणि ते खरंही असतं. विहीर एका अर्थाने श्वास घेते. बाहेरच्या हवेचा दाब वाढला की वरची ताजी हवा जमिनीच्या भेगांत शिरते. दाब उतरला की जमिनीतली हवा भेगांतून विहिरीत येते. वळवाचं वातावरण होतं, उकडायला लागतं, आभाळ भरून येतं, तेव्हा दाब उतरलेला असतो. सोमवारी सुखरूप वर आलेला माणूस गुरुवारी त्याच विहिरीत, त्याच पायऱ्यांनी उतरून मरू शकतो. विहीर तीच असली तरी तिच्यातली हवा ती नसते.

कधी माणूसच विष खाली नेऊन ठेवतो. पाणी उपसायला पेट्रोल किंवा डिझेलचं इंजिन विहिरीतल्या टप्प्यावर बसवलं, तर त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड तिथेच कोंडतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून अधिक घट्ट धरून ठेवतं. आणि जिथे शेण, मैला, सडका गाळ असतो तिथे हायड्रोजन सल्फाइड. त्याला सडक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण वाढलं की तो आपलं नाकच बधिर करतो. वास गेला म्हणजे वायू गेला, असं समजून माणूस पुढे पाऊल टाकतो.

आता त्या गुडघाभर पाण्याकडे येऊ. श्वास कोंडल्यावर आपला जीव घाबरा होतो तो ऑक्सिजन कमी पडल्यामुळे नव्हे, तर रक्तात कार्बन डायऑक्साइड वाढल्यामुळे. शरीराची धोक्याची घंटा मुख्यतः त्या एकाच वायूवर बांधलेली आहे. ज्या विहिरीत ऑक्सिजन कुजण्या-गंजण्यात संपून नुसता नायट्रोजन उरलेला असतो, तिथे ही घंटा वाजतच नाही. माणूस नेहमीसारखा श्वास घेत राहतो. ऑक्सिजन फारच कमी असेल तर फुप्फुसं रक्ताला ऑक्सिजन देण्याऐवजी रक्तातलाच बाहेर टाकू लागतात, आणि दोन-चार श्वासांत, काही सेकंदांत, शुद्ध जाते. जिथे कार्बन डायऑक्साइड खूप साचलेला असतो तिथे धाप लागते, डोकं गरगरतं, पण चाळीस फूट चढून येण्याइतका वेळ तोही देत नाही. हाक मारायला सवडच मिळत नाही. गुडघ्यातलं बळ जातं, माणूस तोंडावर पडतो, आणि बेशुद्ध माणसाला बुडायला गुडघाभर पाणी पुरे होतं. पोहता येणं तिथे कामाचं नसतं. जो पुरावा आपण आसरांच्या नावावर मांडतो, तो मुळात हवेबद्दल सांगत असतो.

वरून बघणाऱ्याला काय दिसतं? आपला माणूस खाली पडलाय, हलत नाही. पाय घसरला असेल, चक्कर आली असेल. अशा वेळी थांबणं हे माणसाच्या स्वभावातच नाही. अमेरिकेतल्या निऑश या कामगार सुरक्षा संस्थेने १९८६ साली एक इशारा काढला होता. टाक्या, विहिरी, गटारं अशा कोंडलेल्या जागांत मरणाऱ्यांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण वाचवायला उतरलेले असतात, असं त्यात म्हटलं होतं. मे २०२३ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या सोनपेठ तालुक्यात सेप्टिक टँक साफ करताना पाच मजूर गेले. अशी बातमी कुठलीही उघडून बघा. मरणाऱ्यांत भाऊ-भाऊ, बाप-लेक, चुलते-पुतणे हमखास असतात. तिथे त्यांना माया खाली ओढते.

“विहीर एकावर थांबत नाही, जोडी घेते” असं जुनी माणसं म्हणतात. निरीक्षण अचूक आहे. कारण तेवढं चुकलं आहे, आणि कारण चुकल्यामुळे तिसरा जातो.

घरात मुलं असतील तर एक प्रयोग करा. खोल पातेल्याच्या तळाशी दोन-तीन चमचे खायचा सोडा पसरा. एक मेणबत्तीचा तुकडा तळाशी उभा करा, दुसरा एका उंच पालथ्या पेल्यावर. दोन्ही पेटवा आणि कडेने हळूहळू व्हिनेगर ओता. फेस येईल, दिसणार काहीच नाही. आधी खालची ज्योत मान टाकेल. वरची जळत राहील, आणि वायू तिच्या उंचीपर्यंत चढला की तीही जाईल. मी हा प्रयोग एका शाळेच्या ओट्यावर करून दाखवला, तेव्हा मागे उभी असलेली एक आजीबाई पुढे आली. विझलेल्या वातीकडे बघत म्हणाली, “कुनी फुकलं न्हाई की रं!” त्यानंतर तिने विचारलेला प्रश्न मला अजून सोडत नाही. “मंग माझं लेकरू कामून गेलं? त्याच्या आदी चार जन उतरून आले व्हते.”

ब्रिटिश मानवशास्त्रज्ञ इव्हान्स-प्रिचर्ड यांनी शंभरेक वर्षांपूर्वी दक्षिण सुदानच्या भागात अझांदे लोकांमध्ये राहून नेमका हाच प्रश्न नोंदवला. तिथे धान्याची कोठारं खांबांवर उभी असत. दुपारी माणसं त्यांच्या सावलीत बसत. कधी एखादं कोठार कोसळून माणसं दगावत. खांब वाळवीने खाल्ले होते हे अझांदेंना पक्कं ठाऊक असे. त्यांचा प्रश्न पुढचा होता: नेमकी हीच माणसं, नेमक्या त्याच घटकेला खाली का बसली होती? त्याचं उत्तर ते चेटकात शोधत. आपल्याकडची आजी आणि तिकडचा शेतकरी एकाच जागी अडखळतात.

या प्रश्नाला विज्ञानाकडे गोड उत्तर नाही. दोन स्वतंत्र गोष्टी एका क्षणी एकत्र आल्या, एवढंच ते सांगू शकतं. हे ऐकून कुठल्या आईचं समाधान व्हावं? मला ते कळतं, म्हणून काठावरच्या शेंदराच्या दगडांवर माझा राग नाही. पाण्याला जपून असावं ही जाणीव त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या टिकवली. राग येतो तो पुढच्या पायरीचा. “कुणीतरी केलं” असं एकदा ठरलं की ते कुणीतरी शोधावं लागतं, आणि आसरांना काही पंचायतीत उभं करता येत नाही. मग नव्याने घरात आलेली सून पांढऱ्या पायाची ठरते. शेजारच्या एकट्या म्हातारीने करणी केली असं ठरतं. आडातल्या वायूचं पाप एका जित्या बाईच्या माथी बसतं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला, त्याच्या मुळाशी अशाच बायका-माणसांचे हाल आहेत.

अमावास्येचंही बघून टाकू, कारण हिशेब सोपा आहे. वर्षात बारा-तेरा अमावास्या येतात. दुर्घटना “अमावास्येच्या आसपास” झाली असं म्हणताना आपण दोन दिवस अलीकडे, दोन दिवस पलीकडे सहज धरतो. म्हणजे प्रत्येकीचे पाच दिवस, वर्षाचे साठ-पासष्ट. काहीही कारण नसताना सहापैकी एक मृत्यू त्या दिवसांत पडणारच. त्यात पौर्णिमाही धरली तर तिनांतला एक. उरलेले मृत्यू कोरड्या तिथीला होतात, म्हणून ते कुणी तिथीसकट लक्षात ठेवत नाही.

बुडालेल्याला पाणी तिसऱ्या दिवशी “सोडतं”, ही समजूतही अशीच निरीक्षणातून आलेली आहे. प्रेत आधी तळाला जातं, मग आत कुजण्याची क्रिया सुरू होऊन वायू धरतात आणि ते वर येतं. उन्हाळ्यात लवकर, थंड पाण्यात उशिरा.

शेततळ्यांचा विषय मात्र नवा आहे आणि तो मला जास्त काळजीचा वाटतो. २०१६ साली मागेल त्याला शेततळे योजना आली, त्यानंतर रानोमाळ तळी दिसू लागली. कित्येकांना आतून प्लास्टिकचं अस्तर असतं. त्यावर शेवाळ धरलं की चांगला पोहणाराही उतारावरून वर येऊ शकत नाही. हात रोवायला काही नाही, पाय टेकला की घसरतो. काठावर उभ्या पोराला वाटतं, खालून कुणीतरी ओढतंय. असल्या तळ्यात चारही बाजूंनी गाठी मारलेले दोर सोडलेले हवेत, एखादी हवा भरलेली ट्यूब बांधून ठेवलेली हवी, आणि भोवती कुंपण हवं. प्लास्टिकच्या खर्चापुढे हा खर्च काहीच नाही.

विहिरीचं काय करायचं तेही नीट सांगतो. आत उतरायच्या आधी तासभर तरी पंख्याने किंवा ब्लोअरने ताजी हवा तळापर्यंत सोडावी, आणि माणूस खाली असेपर्यंत ती चालू ठेवावी. इंजिन खाली नेऊ नये. जो उतरेल त्याच्या काखेखालून दोर बांधलेला असावा आणि वर ओढणारी माणसं तयार असावीत, म्हणजे त्याला काढायला कुणाला उतरावं लागणार नाही. वायू मोजणारं यंत्र मिळालं तर उत्तम. दोराला पेटता कंदील बांधून सोडायची जुनी चाचणी ऑक्सिजन फार कमी असेल तर इशारा देते. पण ती अर्धीच खरी आहे. कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन सल्फाइड जीवघेण्या प्रमाणात असले तरी ज्योत जळत राहते. गोबरगॅस, सेप्टिक टँक किंवा गटाराजवळ तर ज्योत नेऊच नये, तिथल्या मिथेनचा भडका उडतो. आणि कुणी खाली पडलंच तर वरच्यांनी वरच थांबायचं, जमेल त्या मार्गाने हवा खाली सोडायची, ११२ ला फोन करायचा. मला ठाऊक आहे, सगळ्यांत अवघड आहे ते हे वरच थांबणं.

हे ज्ञान आपल्याकडे नव्हतं असं नाही. मराठवाड्यात घरोघरी ज्वारीची पेवं होती. जमिनीखालच्या त्या कोरड्या खड्ड्यात दाणे जिवंत असतात, श्वास घेतात, ऑक्सिजन संपवतात. त्यामुळे किडे मरतात आणि ज्वारी टिकते. पण पहिल्याच दिवशी उतरणारा माणूसही मरतो, हे घरातल्या बायांना पाठ होतं. आमची आजी पेवाचं तोंड उघडलं की आधी हळदकुंकू वाहायची आणि रात्रभर ते तसंच उघडं ठेवायची. पोरांना अंगणातून हुसकून लावायची. सकाळी सुतळीला कंदील बांधून आत सोडायची, डोळे मिटून थोडा वेळ थांबायची आणि वर ओढायची. कंदील विझलेला असला की वडील पायातल्या वहाणा पुन्हा घालायचे. ती काच पदराने पुसून म्हणायची, “पेव अजून निजलंय. उद्या बघू.”