मागचा स्टॅबिलायझर बार आणि जादा माल

रावेर-सावद्याकडे केळी वाहणाऱ्या पिकअपवाल्यांत एक समज पक्का बसलाय: मागे बाहेरून आणलेला स्टॅबिलायझर बार (डाव्या-उजव्या चाकांची बाजू एकमेकींना जोडणारा पोलादी दांडा) टाकला की गाडी जास्त वजन पेलते. तसं होत नाही.

बारचं मधलं अंग बुशमध्ये (रबरी कड्यांत) मोकळं फिरतं. हौद्यात माल भरला की दोन्ही चाकांवरचे पाटे (पट्ट्यांच्या स्प्रिंग) सारखेच दबतात, आणि बार नुसता फिरतो. वजनाचा एक किलोही उचलत नाही. एक चाक वर आणि दुसरं खाली झालं, तरच त्याला पीळ पडतो. म्हणून वळणावर गाडी कमी कलते, आणि घडांची उंच रास असताना हा फायदा खरा आहे. पण वजन पेलणार पाटे, टायर, मागच्या अ‍ॅक्सलचं हाऊसिंग आणि ब्रेक. आरसी बुकातला वजनाचा आकडा बारमुळे बदलत नाही.

जाड बार म्हणजे चांगला, हेही अर्धवट. ताठपणा व्यासाच्या चौथ्या घातानं वाढतो: 20 ऐवजी 22 मिलिमीटरचा भरीव बार सुमारे 46 टक्के जास्त ताठ. रिकामी पिकअप मागून आधीच हलकी; ओल्या वळणावर मागची पकड कमी होऊन शेपूट घसरायला तेवढा जादा ताठपणा पुरतो. खड्ड्यांतून जाताना आदळाआपटही वाढते, ती वेगळीच.

बसवताना गाडी जॅकवर लटकलेली असेल तर लिंकचे (बारची टोकं जोडणाऱ्या छोट्या दांड्यांचे) बोल्ट हातानेच लावा. चाकं जमिनीवर टेकवून, गाडी नेहमीच्या उंचीवर आल्यावरच पूर्ण आवळा, नाहीतर रबरी बुश पीळ धरूनच बसतात आणि लवकर फाटतात.