सरकीवरची लव आणि दीड एकराचा खडा

जिनिंगमधून रुई निघाली की सरकीवर बारीक लव राहते. तेल काढण्याआधी ती खरवडून वेगळी करता येते. ही लव म्हणजे जवळजवळ शुद्ध सेल्युलोज. कापसाचा एक तंतू साधारण १५ मायक्रॉन, म्हणजे १५ हजार नॅनोमीटर जाड असतो. (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग.) सेल्युलोज रसायनांनी किंवा यंत्रात दळून सोडवत नेलं, तर दहा-पंधरा नॅनोमीटर जाडीचे धागे मिळतात. असे हजार धागे शेजारी-शेजारी ठेवले, तेव्हा कुठे एका तंतूची रुंदी भरेल. यालाच नॅनोसेल्युलोज म्हणतात. प्लास्टिक, कागद, रबर बळकट करायला ते कामी येतं. माटुंग्याच्या केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्थेत लवेपासून ते बनवण्याचा प्रायोगिक प्रकल्प आहे. याच संस्थेचं जिनिंग प्रशिक्षण केंद्र आपल्या नागपुरात आहे.

इतकं बारीक करून वेगळं काय होतं? ओंडका पेटायला वेळ लागतो, काटक्या लगेच धरतात, कारण हवेला भिडायला जास्त जागा मिळते. एक सेंटिमीटर बाजूचा चौकोनी खडा घ्या. त्याचा पृष्ठभाग ६ चौरस सेंटिमीटर. त्याचे एकेक नॅनोमीटरचे तुकडे केले, तर पृष्ठभाग ६ हजार चौरस मीटर होतो. म्हणजे जवळपास दीड एकर! माल तेवढाच, पण भिडायला दीड एकराचं वावर. नॅनोकणांचे बरेचसे गुण या हिशोबातून निघतात.

तालुक्याच्या कॉलेजात मी रसायनशास्त्र शिकवतो. आमच्याकडे महागडं यंत्र नाही, पण सिल्व्हर नायट्रेट आहे आणि आवारात कडुलिंब आहे. पाल्याचा गाळलेला काढा सिल्व्हर नायट्रेटच्या अगदी पातळ द्रावणात घातला की फिकट रंग हळूहळू तपकिरी होतो. काढ्यातले घटक चांदीच्या आयनांना, म्हणजे विद्युतभारित अणूंना, इलेक्ट्रॉन देतात आणि चांदीचे सूक्ष्म कण तयार होतात. खोलीत अंधार करून त्यातून लेझरचा किरण सोडला की लखलखीत रेष दिसते. मिठाच्या पाण्यातून सोडला तर दिसत नाही. "सर, पानी त साफ दिसते, मंग रेष कायले दिसते?" हा प्रश्न दर वर्षी येतो आणि दर वर्षी मला तेवढाच आनंद देतो. कण डोळ्याला दिसत नाहीत, पण प्रकाश विखुरतात. (उरलेलं द्रावण मोरीत ओतू देत नाही. चांदी पाण्यातल्या जीवांना घातक असते.)

पण हे कण खरंच नॅनो आहेत का, केवढे आहेत, हे रेष सांगत नाही. त्यासाठी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. तो कोटींच्या घरात जातो. त्याला उत्तम निर्वात लागतो, वीज स्थिर लागते, जमीन इतकी स्थिर लागते की रस्त्यावरून ट्रक गेला तरी चित्र हलतं. असं यंत्र प्रत्येक तालुक्याला मिळावं, असं मी म्हणणार नाही. ते वाटून वापरायचं असतं. केंद्र सरकारने २००७ मध्ये नॅनो संशोधनाला बळ देणारं नॅनो मिशन सुरू केलं. मुंबईच्या आयआयटीत आणि बंगळूरच्या विज्ञान संस्थेत बाहेरच्या संशोधकांना नॅनोइलेक्ट्रॉनिक्सच्या सुविधा खुल्या करणारा कार्यक्रम आहे. देशात कुठे कोणतं यंत्र आहे हे सांगणारं आय-स्टेम पोर्टल २०२० मध्ये सुरू झालं. वाट आहे. पण नमुना कसा वाळवायचा, शुल्क कुठून भरायचं, आलेला आलेख कसा वाचायचा, हे पोरांना शिकवणारं कोणी हवं. विदर्भातल्या विद्यापीठांनी आठवड्यातला एक दिवस लहान कॉलेजांसाठी राखून ठेवावा, असं मला मनापासून वाटतं.

कारण नॅनो आता कृषी केंद्राच्या फळीवर आलेलं आहे. इफ्को या खत बनवणाऱ्या सहकारी संस्थेने २०२१ मध्ये द्रवरूप नॅनो युरिया आणला. ५०० मिलीची बाटली एका पोत्याच्या जागी चालते, असं सांगितलं गेलं. पोतं ४५ किलोचं, त्यात ४६ टक्के नत्र, म्हणजे सुमारे २०.७ किलो. बाटलीत ४ टक्के, म्हणजे २० ग्रॅम. फरक हजार पटीचा. नंतर जास्त नत्राच्या बाटल्या आल्या, पण २० टक्के धरले तरी १०० ग्रॅमच होतात. जमिनीत टाकलेल्या युरियाचा मोठा भाग हवेत आणि पाण्यात जातो, हे खरं आहे. पानावर फवारलेलं नत्र थेट पानात शिरतं, हेही खरं. तरी दोन तृतीयांश युरिया वाया गेला असं धरलं, तर पिकाला सात किलो उरतात. वीस ग्रॅमने सात किलोंची जागा कशी घ्यायची? हे कास्तकाराने विचारायलाच हवं, कारण पैसा त्याचा आणि पीकही त्याचं.

फवारणीचा दुसरा प्रश्न श्वासाचा. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात कीटकनाशकांच्या विषबाधेने शेतकरी-शेतमजूर दगावले. ती औषधं नॅनो नव्हती. पण तोंडाला दुपट्टा बांधून फवारणारा माणूस आजही तोच आहे, आणि कण जितका बारीक तितका तो फुप्फुसात खोल जाऊ शकतो. शेतीतल्या नॅनो उत्पादनांच्या तपासणीची मार्गदर्शक तत्त्वं केंद्राने २०२० मध्ये काढली, तीही मी वर्गात वाचून दाखवतो.

यंदा खरिपात कॉलेजमागच्या तुकड्यावर पऱ्हाटीच्या चार पट्ट्या आखल्या आहेत. पहिलीला युरिया नाही. दुसरीला पूर्ण मात्रा. तिसरीला अर्धी मात्रा आणि बाटलीची फवारणी. चौथीला अर्धी मात्रा आणि नुसत्या पाण्याची फवारणी. चौथी पट्टी पोरांनीच सुचवली. वेचणीला प्रत्येक पट्टीचा कापूस वेगळा तोलायचा आहे, काटा आतापासूनच घासूनपुसून ठेवला आहे.