युवा कुस्ती स्पर्धा: पात्रतेचे निकष, कागदपत्रे, वजन आणि भाग्यपत्रिका यांची आखणी

युवा गटाच्या स्पर्धेत ऐनवेळी उद्भवणारी भांडणे बहुधा परिपत्रकातच पेरलेली असतात. जन्मतारखेची कोणती नोंद ग्राह्य धरायची, वजनाला गैरहजर राहिलेल्याची जागा कशी भरायची, पात्रता फेरीत तिसरा कोण, या प्रश्नांची उत्तरे प्रवेशिका मागवण्याआधी लेखी नसतील, तर ती नंतर आवाजाच्या जोरावर ठरतात. पुढील माहिती आयोजक आणि संघ व्यवस्थापकांसाठी आहे. पालकांनीही ती वाचली तर वजनाच्या टेबलावरचा बराच गोंधळ कमी होईल.

आधी लढती मोजा

आखणीची सुरुवात "किती मल्ल येतील" इथून करू नये. आधी मॅट किती आणि तास किती ते पाहावे. १५ आणि १७ वर्षांखालील गटात लढत २ मिनिटांच्या दोन फेऱ्यांची असते आणि मध्ये ३० सेकंदांची विश्रांती असते. मल्लांना बोलावणे, निकाल जाहीर करणे, प्रशिक्षकाने दाद मागितल्यास चित्रफीत पाहणे हे सगळे धरून एका लढतीला ७ मिनिटे लावावीत. म्हणजे एका मॅटवर तासाला ८ लढती. तीन मॅट सात तास चालल्या तर १६८.

आता गरज पाहा. १६ मल्लांच्या एका वजन गटात बाद पद्धतीच्या १५ लढती होतात, रेपेचाजच्या (अंतिम फेरीतल्या दोघांकडून हरलेल्यांना कांस्यपदकासाठी मिळणारी दुसरी संधी) ४ धरून १९. दहा वजन गट म्हणजे १९० लढती. त्या तीन मॅटवर एका दिवसात मावत नाहीत. रात्री दहाला अंतिम लढती आणि पेंगुळलेली मुले, हे दृश्य या साध्या गुणाकाराकडे दुर्लक्ष केल्याने दिसते. दोन दिवस मिळत असतील तर रोज पाच वजन गट घ्यावेत आणि प्रत्येक गट त्याच दिवशी संपवावा. एक गट दोन दिवसांवर पसरला की दुसऱ्या सकाळी पुन्हा वजन आले, आणि वाढत्या वयाच्या मुलांना रात्रभर उपाशी ठेवायला तेवढे निमित्त पुरते.

वयाची अट

युनायटेड वर्ल्ड रेसलिंग या कुस्तीच्या जागतिक संघटनेच्या पद्धतीत वय जन्मवर्षावरून धरतात, स्पर्धेच्या तारखेवरून नाही. २०२६ च्या स्पर्धेसाठी १५ वर्षांखालील गटात २०११ आणि २०१२ मध्ये जन्मलेले येतात. १७ वर्षांखालील गटात २००९ आणि २०१०, तर २० वर्षांखालील गटात २००६ ते २००८. प्रत्येक गटात आणखी एक वर्ष लहान मल्लाला खेळता येते (अनुक्रमे २०१३, २०११ आणि २००९ चा जन्म), पण त्यासाठी वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पालकांची लेखी परवानगी दोन्ही लागतात. यातले एकच जोडलेला अर्ज अपूर्ण धरावा. शेवटच्या क्षणी आणलेल्या पत्रावर प्रवेश देऊ नये, कारण १३ वर्षांचा मुलगा १५ वर्षांच्यासमोर उभा राहतो तेव्हा हाडांच्या वाढीतला फरक वजन काट्यावर दिसत नाही.

सर्वांत हलक्या गटाला खालचीही मर्यादा असते, हे अनेकदा सुटते. १५ वर्षांखालील मुलांचा पहिला गट ३४ ते ३८ किलो, मुलींचा २९ ते ३३ किलो. १७ वर्षांखालील मुलांचा ४१ ते ४५ आणि मुलींचा ३६ ते ४०. मुलगा ३३ किलो भरला तर तो ३८ च्या गटात बसत नाही.

कोणत्या जागा कोणाला

मुख्य स्पर्धेत गटाला १६ जागा ठेवल्या आणि पाच विभाग असतील, तर प्रत्येकी तीन आणि एक राखीव ही सोपी वाटणी. तिची खोट उघड आहे: तगड्या विभागातला चौथा मल्ल दुबळ्या विभागातल्या विजेत्यापेक्षा सरस असू शकतो आणि तरी घरी बसतो. उपाय म्हणून प्रत्येक विभागाला दोन हमखास जागा द्याव्यात, चार जागा मागील वर्षीच्या पदकविजेत्यांच्या विभागांना द्याव्यात आणि उरलेल्या दोन सर्वांसाठी खुल्या अंतिम पात्रता फेरीतून भराव्यात. पॅरिस ऑलिम्पिकला प्रत्येक वजन गटात १६ जागा अशाच टप्प्यांनी भरल्या होत्या: २०२३ च्या जागतिक स्पर्धेतून ५, चार खंडीय पात्रता स्पर्धांतून प्रत्येकी २ आणि शेवटच्या जागतिक पात्रता स्पर्धेतून ३.

जागांची संख्या ठरली की निर्णायक लढत कोणती, तेही ठरते. दोन जागा असतील तर उपांत्य फेरी जिंकणारे दोघे पात्र, म्हणून अनेक पात्रता स्पर्धांत अंतिम लढत घेतच नाहीत. तीन जागा असतील आणि पद्धत दोन कांस्यपदकांची असेल, तर दोन्ही कांस्यविजेत्यांत आणखी एक लढत लावावी लागते. पाच जागांसाठी कांस्य हरलेल्या दोघांना भिडवावे लागते. ही जादा लढत वेळापत्रकात नसली की संध्याकाळी "कोणाचे गुण जास्त" अशी तोंडी तडजोड होते, आणि ती टिकत नाही.

दोन जागांच्या पात्रता फेरीत आणखी एक अन्याय दडलेला असतो. गटातले दोन सर्वोत्तम मल्ल भाग्यपत्रिकेच्या (कोणाची लढत कोणाशी ते दाखवणारा तक्ता) एकाच अर्ध्यात आले तर त्यांतला एक उपांत्य फेरीत किंवा त्याआधीच बाद होतो आणि दुसऱ्या अर्ध्यातला तुलनेने कच्चा मल्ल पात्र ठरतो. यावर तोड अशी: विजेत्याकडून हरून कांस्य मिळवलेला मल्ल उपविजेत्याशी लढलेला नसेल, तर दुसऱ्या जागेसाठी त्या दोघांची लढत घ्यावी. आधीच लढून हरला असेल तर घेऊ नये. अशी लढत ठेवायची असेल तर अंतिम लढत टाळता येणार नाही.

पात्रता जागा मल्लाच्या नावाची की विभागाची, हे एका वाक्यात लिहावे. ऑलिम्पिक कुस्तीत ती देशाची असते. युवा गटात मात्र ती मल्लाची ठेवलेली बरी. नाहीतर जिंकून आलेल्या मुलाला पुन्हा निवड चाचणी देताना वजन पुन्हा उतरवावे लागते.

आता वाढीचा प्रश्न. पात्रता फेरीत ४८ किलोत जिंकलेला मुलगा तीन महिन्यांनी ५० भरणारच. त्याला एक गट वर जाण्याची मुभा द्यावी, पण वरच्या गटातल्या कोणाची जागा काढून नव्हे. भाग्यपत्रिका १६ ऐवजी १८ पर्यंत वाढू द्यावी. खर्च फक्त दोन प्राथमिक लढतींचा. खालच्या गटात उतरण्याची मुभा अजिबात नको.

अर्जासोबत काय लागेल

प्रवेशिका दोन टप्प्यांत मागवाव्यात: आधी फक्त वजन गटवार संख्या आणि अंतिम मुदतीपर्यंत नावे. नावांसोबत पुढील कागद असावेत.

- जन्म प्रमाणपत्र (वजनाच्या वेळी मूळ प्रत) आणि छायाचित्र असलेले ओळखपत्र
- संघटनेची चालू वर्षाची नोंदणी किंवा परवाना
- वैद्यकीय तंदुरुस्ती प्रमाणपत्र, डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक आणि तारखेसह
- पालकांचे संमतीपत्र, ज्यात वजन गट स्पष्ट लिहिलेला असेल
- विम्याचा पुरावा
- पात्रता फेरीचा सही-शिक्क्याचा निकालपत्रक उतारा
- त्वचेवर चट्टा असल्यास निदान आणि उपचार सुरू केल्याची तारीख लिहिलेले प्रमाणपत्र

अर्ज फेटाळले जातात ते बहुतेक तीन कारणांनी. जन्म प्रमाणपत्रावरचे नाव आणि नोंदणीतले नाव जुळत नाही, संमतीपत्र प्रशिक्षकाने सही केलेले असते, किंवा वैद्यकीय प्रमाणपत्रावर तारीखच नसते. छाननी करणाऱ्याने त्रुटी लेखी कळवावी आणि दुरुस्तीला ठरावीक मुदत द्यावी. नाव बदलण्याची शेवटची वेळ तांत्रिक बैठकीपर्यंतच ठेवावी.

वैद्यकीय तपासणी आणि वजन

डॉक्टरांची तपासणी वजनाआधी, वजनाच्याच सकाळी. नायटा, नागीण, पू झालेले फोड हे सगळे मॅटवरून पसरते. चट्टा झाकून खेळू देणे हा उपाय नाही. नखे कापलेली हवीत. वजन लढतीच्या पोशाखात, ३० मिनिटांच्या ठरलेल्या वेळेत करावे आणि त्या वेळेत मल्लाला कितीही वेळा काट्यावर उभे राहता यावे. काटा आदल्या दिवशी प्रमाणित वजनाने तपासून, सरावासाठी तसाच दुसरा काटा ठेवावा. दोन काट्यांत २०० ग्रॅमचा फरक निघाला तर सकाळ त्यातच जाते.

वजन घटवण्याबद्दल कडक राहावे. अमेरिकेत १९९७ च्या अखेरीस काही आठवड्यांच्या अंतराने तीन महाविद्यालयीन मल्लांचा वजन उतरवताना मृत्यू झाला आणि त्यानंतर तिथले नियम बदलले. तिथल्या शालेय कुस्तीत आता हंगामाआधी लघवीची घनता (१.०२५ पेक्षा जास्त चालत नाही) आणि शरीरातील चरबी मोजून किमान वजन ठरवतात. चरबीची खालची मर्यादा मुलांना ७ टक्के, मुलींना १२ टक्के, आणि आठवड्याला शरीरवजनाच्या दीड टक्क्यापेक्षा जास्त घट मान्य नाही. इतकी यंत्रणा प्रत्येकाकडे नसते. निदान पात्रता फेरीच्या वेळचे वजन नोंदवून ठेवले आणि त्यापेक्षा कमी गटात प्रवेश बंद केला, तरी बराच प्रकार थांबतो.

दुसऱ्या दिवशीच्या वजनाचा धाक किती असतो, हे २०२४ च्या पॅरिस ऑलिम्पिकने दाखवले. ५० किलो गटात अंतिम फेरी गाठलेली विनेश फोगाट दुसऱ्या सकाळी १०० ग्रॅम जास्त भरली आणि त्या नियमानुसार शेवटच्या क्रमांकावर गेली. प्रौढांच्या स्पर्धेत हे ठीक की नाही यावर वाद होऊ शकतो. मुलांच्या स्पर्धेत दुसरे वजन ठेवण्याची गरजच निर्माण होऊ देऊ नये.

भाग्यपत्रिका कशी निवडावी

सोडत वजनानंतर काढावी. आधी काढली तर गैरहजर राहिलेल्यांच्या जागी भोके पडतात आणि कोणाला तरी न लढता दोनदा पुढे चाल मिळते.

आंतरराष्ट्रीय पद्धत संख्येवर चालते. सहापेक्षा कमी मल्ल असतील तर सगळे सगळ्यांशी लढतात. सहा किंवा सात असतील तर दोन गट, त्यांतले पहिले दोन उपांत्य फेरीत. आठ किंवा जास्त असतील तर बाद पद्धत आणि रेपेचाज. संख्या ८, १६, ३२ अशी नेमकी नसेल तर जादा मल्लांइतक्या प्राथमिक लढती होतात: २२ मल्ल असतील तर ६ लढती, १० जणांना पुढे चाल.

युवा गटासाठी यातली अडचण रेपेचाजमध्ये आहे. ती संधी फक्त अंतिम फेरीतल्या दोघांकडून हरलेल्यांना मिळते. १६ च्या पत्रिकेत पहिल्याच फेरीत ८ मुले हरतात, त्यांतली ६ एकच लढत खेळून परततात. ३२ च्या पत्रिकेत १६ पैकी १४. लांबचा प्रवास करून साडेचार मिनिटांत खेळ संपलेला मुलगा पुढल्या वर्षी येईलच असे नाही. म्हणून दोनदा हरल्यावरच बाद करण्याची पद्धत युवा स्पर्धेला जास्त योग्य. १६ मल्लांसाठी तिच्या २८ लढती होतात. वर मोजल्याप्रमाणे दहा गटांच्या २८० लढती तीन मॅटवर दोन दिवसांत सहज बसतात. पण धोकाही लक्षात ठेवावा: विजेता ४ लढती खेळतो, तर पहिल्याच फेरीत हरून तिसऱ्या क्रमांकापर्यंत आलेला ६. दोन लढतींत किमान ३० मिनिटांची विश्रांती परिपत्रकात लिहावी आणि लढती बोलावणाऱ्याच्या टेबलावर प्रत्येकाची शेवटची लढत संपल्याची वेळ नोंदवावी.

९ मल्ल ही सर्वांत अवघड संख्या. १६ च्या चौकटीत ७ जणांना पुढे चाल आणि एकच प्राथमिक लढत, म्हणजे एका जोडीवर अकारण भार. अशा वेळी तीन-तीनचे तीन गट करावेत. विजेते तिघे आपसांत पुन्हा लढतात आणि प्रत्येकाला किमान दोन लढती मिळतात.

साखळीत बरोबरी झाली तर काय, हेही आधी लिहावे. दोघांत बरोबरी असेल तर आपसातली लढत पाहतात. तिघे अडकले तर आधी वर्गीकरण गुण (चितपटला ५, तांत्रिक गुणाधिक्याला, म्हणजे ठरलेली मोठी गुणांची आघाडी घेऊन वेळेआधी जिंकल्यास, ४, गुणांवरील विजयाला ३), मग चितपट विजयांची संख्या, मग तांत्रिक गुणाधिक्याचे विजय, मग मिळवलेले तांत्रिक गुण. एकाच संघाचे दोघे एका साखळीत असतील तर त्यांची लढत पहिल्या फेरीत लावावी. शेवटी ठेवली तर निकाल सोयीने लावल्याचा संशय येतो, आणि कधी तो खरा असतो.

मानांकन चारच ठेवावे, आठ नको. युवा गटात मुले वर्षात दोन वजन गट बदलतात, त्यामुळे जुन्या निकालांवरचे मानांकन लवकर शिळे होते. पॅरिसमध्येच ५३ किलोतून ५० वर आलेली विनेश बिगरमानांकित होती आणि पहिल्याच लढतीत तिच्यासमोर टोकियोची सुवर्णविजेती युई सुसाकी आली. पहिला आणि दुसरा मानांकित वेगवेगळ्या अर्ध्यात, एका विभागाचे दोघे वेगवेगळ्या अर्ध्यात, बाकी सगळे चिठ्ठीवर. मानांकनाचे निकष सांगता येत नसतील तर ते ठेवूच नये.

हरकती

सोडत संघ व्यवस्थापकांसमोर काढून लगेच फलकावर लावावी आणि हरकतीला ३० मिनिटे द्यावीत. हरकत फक्त नाव, गट, विभाग किंवा जागेच्या चुकीबद्दल घ्यावी, "समोर तगडा आला" हे कारण नाही. वयाबद्दलची हरकत मात्र गटातली पहिली लढत सुरू होईपर्यंतच, लेखी आणि कागदपत्रांसह. नंतर वय खोटे निघाले तर मल्लाचे निकाल रद्द होतात. त्याच्याकडून हरलेल्यांना पुन्हा संधी द्यायची की फक्त क्रमवारी सरकवायची, याचे उत्तर परिपत्रकातच असावे. स्पर्धा संपल्यावर पुन्हा लढती घेणे अशक्य असल्याने बहुतेक ठिकाणी क्रमवारीच सरकवतात, आणि रिकाम्या झालेल्या पात्रता जागेवर त्याच विभागातला पुढचा मल्ल येतो.