पक्षाघाताच्या आंतरराष्ट्रीय संशोधनात केंद्र व्हायचंय? मराठवाड्यातल्या रुग्णालयांचे अर्ज कुठे अडतात

परदेशातल्या एखाद्या विद्यापीठाचा ई-मेल येतो, की तुमच्या रुग्णालयाला आमच्या पक्षाघाताच्या अभ्यासात केंद्र म्हणून घ्यायचं ठरलं आहे. दवाखान्यात पेढे वाटले जातात. मग वर्ष उलटतं, त्या ई-मेलची प्रिंट फाईलमध्ये पिवळी पडते आणि एकही रुग्ण अभ्यासात घेतलेला नसतो. अशा फायली जुळवून द्यायचं काम मी करतो. बीड, लातूर, परभणी, नांदेड, सगळीकडे अडचणी त्याच. म्हणून एकदा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट पक्की लक्षात घ्या: निवडीचं पत्र म्हणजे परवानगी नव्हे. परवानगी इथून, भारतातून मिळते. ती हातात येईपर्यंत अभ्यासासाठी एकाही रुग्णाची माहिती भरायची नाही.

हा खटाटोप करायचा कशाला, असं विचारणारे डॉक्टर भेटतात. मेंदूतल्या रक्तस्रावावरच्या इंटरॅक्ट-३ या अभ्यासाचं उदाहरण घ्या. भारतासह १० देशांतले ७,०३६ रुग्ण त्यात होते आणि निकाल २०२३ मध्ये आला. रक्तदाब लवकर उतरवणं, साखर आणि ताप आटोक्यात ठेवणं, रक्त पातळ करणाऱ्या औषधाचा परिणाम उलटवणं, ही कामं एकत्रितपणे केली तर रुग्णाच्या प्रकृतीत फरक पडतो, हे त्यातून दिसलं. यातलं बहुतेक काही तालुक्याच्या दवाखान्यातही करता येतं. आपल्याकडच्या अ‍ॅटेन्ड अभ्यासात १४ भारतीय केंद्रांनी घरच्यांकडून व्यायाम करून घेण्याची पद्धत तपासली. तिचा ठरवलेला फायदा दिसला नाही, आणि २०१७ मध्ये तसं स्पष्ट छापलं गेलं. ‘अंगावरून वारं गेलं’ म्हणून आधी देवाला आणि मग दवाखान्यात आणलेला आपला रुग्ण या अभ्यासांत नसेल, तर त्याच्यासाठी योग्य काय हे कोण सांगणार?

पात्रता

चोवीस तास सीटी स्कॅन, अतिदक्षता विभाग, पक्षाघात हाताळणारे न्यूरोलॉजिस्ट किंवा फिजिशियन, एक संशोधन समन्वयक, कुलूपबंद कपाट आणि बरं इंटरनेट. बहुतेक अभ्यासांना एवढं लागतं. मुख्य संशोधकाचं जीसीपी (रुग्णांवरचं संशोधन नीट करण्याचे नियम) प्रमाणपत्र, एनआयएचएसएस (पक्षाघाताची तीव्रता मोजणारी) आणि रँकिन (नंतर राहिलेलं अपंगत्व मोजणारी) या मोजपट्ट्यांची प्रमाणपत्रं ऑनलाइन होतात. चार संध्याकाळींचं काम.

घोळ होतो तो सुरुवातीच्या प्रश्नावलीत. ‘महिन्याला पक्षाघाताचे किती रुग्ण?’ या प्रश्नावर डॉक्टर अंदाजाने ‘४०’ लिहून मोकळे होतात. अभ्यासाला मात्र लक्षणं सुरू झाल्यापासून ६ तासांच्या आत आलेले रुग्ण हवे असतात. रजिस्टर उघडून मोजलं की ते चार-पाच निघतात. खोटं लिहायचा कुणाचा हेतू नसतो, पण सहा महिन्यांनी भरती होत नाही म्हणून केंद्र बंद होतं आणि पुन्हा कुणी विचारत नाही. मागच्या सहा महिन्यांचं आयपीडी, म्हणजे दाखल रुग्णांचं, रजिस्टर घ्या, प्रत्येक नावापुढे ‘लक्षणं किती वाजता’ आणि ‘दवाखान्यात किती वाजता’ लिहा, आणि येईल तो आकडा कळवा. कमी आकडा खरा असेल तर चालतो.

नैतिकता समिती: खरी गाठ इथे आहे

संशोधनात रुग्णाचं हित जपलं जातं का हे तपासून मंजुरी देणारी ही समिती. परत आलेल्या फायलींपैकी बहुतेक मी इथेच अडकलेल्या पाहिल्या आहेत.

२०१९ च्या नवीन औषधे व क्लिनिकल ट्रायल नियमांनुसार समितीच्या नोंदणीची दारं दोन आहेत. औषधाची ट्रायल असेल तर केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटनेकडे, म्हणजे सीडीएससीओकडे. रुग्णांची नोंदवही, निरीक्षण, पुनर्वसन असं जैववैद्यकीय संशोधन असेल तर आरोग्य संशोधन विभागाकडे, म्हणजे डीएचआरकडे. अर्जाचा नमुना दोन्हीकडे सीटी-०१ हाच, आणि लोक तिथेच फसतात. ‘आमची समिती नोंदणीकृत आहे’ असं सांगतात, प्रमाणपत्र काढून बघावं तर ते दुसऱ्याच दाराचं. डीएचआरची पहिली नोंदणी तात्पुरती असते, दोन वर्षांची. सीडीएससीओची पाच वर्षांची असते, आणि नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधी किमान ९० दिवस द्यावा लागतो. ‘मार्चमध्ये संपतेय, फेब्रुवारीत बघू’ असं म्हणणाऱ्यांची मार्चमध्ये काय धावपळ होते ते मी पाहिलं आहे. कॅलेंडरवर मुदतीची तारीख लिहू नका, तीन महिने आधीची लिहा.

समितीत किमान सात सदस्य लागतात. अध्यक्ष संस्थेबाहेरचा, सदस्य-सचिव संस्थेतला आणि निम्मे सदस्य संस्थेशी संबंध नसलेले. किमान एक महिला, एक कायदेतज्ज्ञ, एक सामान्य नागरिक आणि समाजशास्त्र किंवा सामाजिक कामातला एक माणूस हवाच. डॉक्टर सहज मिळतात, वकीलही मिळतात. सामान्य नागरिकावर गाडी अडते. बहुतेक ठिकाणी संचालकांचे मेहुणे किंवा ट्रस्टच्या शाळेतले मुख्याध्यापक घालतात. हे चालत नाही, कारण तो माणूस संस्थेचाच झाला. गावातल्या निवृत्त पोस्टमास्तरांना विचारा, बचतगटाच्या अध्यक्षांना विचारा. आणि त्यांचंही प्रशिक्षण करून घ्या. बायोडेटा, संमतीपत्र आणि प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र प्रत्येक सदस्याचं लागतं, फक्त डॉक्टरांचं नव्हे. सगळं जुळलं आणि एका आजोबांचं प्रमाणपत्र नाही म्हणून अर्ज परत, हे मी एकदा नव्हे, तीनदा पाहिलं आहे.

बैठकीच्या इतिवृत्तात कोण हजर होतं ते स्पष्ट लिहा. मुख्य संशोधक स्वतः समितीवर असेल तर आपल्या अभ्यासाच्या निर्णयाच्या वेळी तो बाहेर गेला, हे वाक्य इतिवृत्तात दिसलं पाहिजे. औषधाच्या ट्रायलसाठी गणपूर्ती पाच सदस्यांची आहे, पण नुसते पाच जण मोजून भागत नाही. वकील आणि सामान्य नागरिक त्या पाचांत लागतात. कोर्टाची तारीख आली म्हणून वकीलसाहेब आले नाहीत, तर बैठक पुढे ढकला. नंतर सही घेऊ नका.

आपली समिती नसेल तर? औषधाच्या ट्रायलसाठी दुसऱ्या केंद्राची किंवा स्वतंत्र समिती चालते, पण ती त्याच शहरात किंवा ५० किलोमीटरच्या परिघात हवी. हा नियम करणाऱ्याने मराठवाड्याचा नकाशा पाहिला होता का, असं मला नेहमी वाटतं. परभणीहून नांदेड, धाराशिवहून लातूर, हिंगोलीहून नांदेड, बीडहून छत्रपती संभाजीनगर, एकही जोडी त्यात बसत नाही. मात्र परिघ म्हणजे सरळ रेषेतलं अंतर, एसटीचे किलोमीटर नव्हेत. अंबाजोगाई आणि लातूर रस्त्याने लांब वाटतात, पण सरळ रेषेत ५० च्या आत आहेत. नकाशावर मोजून त्याची प्रत फाईलला लावा.

परदेशी हात लागला की एचएमएससी

परदेशी संस्था, परदेशी पैसा किंवा परदेशी तज्ज्ञ, यांपैकी काहीही असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, एचएमएससीची, मान्यता लागते. तिचं कामकाज आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, पाहते. ‘पैसे घेतच नाही, फक्त माहिती देतो’ ही पळवाट नाही. माहिती आणि रक्ताचे नमुने बाहेर जाणार असतील तर उलट जास्त कसून बघतात. नमुन्यांसाठी वेगळा हस्तांतरण करार लागतो, आणि उरलेल्या नमुन्याचं काय करणार हे त्यात लिहावं लागतं.

अर्ज बहुधा देशातलं समन्वयक केंद्र करतं, त्यामुळे आपल्याकडे निवांतपणा येतो. समन्वयकाकडून मंजुरीचं पत्र मागवा आणि केंद्रांच्या यादीत तुमच्या रुग्णालयाचं नाव आहे का ते स्वतः वाचा. नसेल तर ती मंजुरी तुमची नाही.

नाव वाचताना अक्षर न् अक्षर वाचा. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं. पॅनवर जुनं नाव, नर्सिंग होम नोंदणीवर जुनं, करारावर नवं, समितीच्या प्रमाणपत्रावर अर्धं-अर्धं, अशा फायली अजून येतात. छाननी करणारा दिल्लीत बसलेला असतो, त्याला ही दोन वेगळी रुग्णालयं वाटतात. नामांतराच्या अधिसूचनेची प्रत आणि संस्थेच्या लेटरहेडवर ‘ही एकच संस्था आहे’ असं पत्र सुरुवातीलाच जोडा.

पैसा येणार असेल तर

ट्रस्टच्या रुग्णालयांनो, हे नीट वाचा. परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी नियमन कायद्याखालची, नोंदणी लागते. त्यासाठी संस्थेला तीन वर्षं झालेली हवीत आणि मागच्या तीन आर्थिक वर्षांत उद्दिष्टांवर १५ लाख रुपये खर्च झालेला हवा. ते बसत नसेल तर ठरावीक देणगीदाराच्या ठरावीक रकमेसाठी पूर्वपरवानगीचा मार्ग आहे. खातं मात्र स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतच. आणि २०२० च्या दुरुस्तीपासून एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेला देता येत नाही. म्हणजे ‘समन्वयक केंद्राकडे पैसे येतील, ते आम्हाला पाठवतील’ हे आता विसरा. करारानुसार कामाची फी मिळणं ही वेगळी बाब आहे. पण ती फी आहे की देणगी, हे करारावर सही करण्याआधी सीएंकडून लेखी घ्या.

जो कागद कुणाकडेच नसतो तो इथे लागतो: मंजूर झालेला चेंज रिपोर्ट, म्हणजे विश्वस्त बदलल्याची धर्मादाय कार्यालयातली नोंद. विश्वस्त बदलले, दोघे वारले, नवे आले, ठराव झाले, पण धर्मादाय कार्यालयाच्या परिशिष्टावर अजून १९९८ ची नावं आहेत. अर्जात पदाधिकाऱ्यांचे आधार क्रमांक मागतात. वारलेल्या अध्यक्षांचा आधार कुठून आणणार? चेंज रिपोर्ट दाखल केल्याची पावती पुरत नाही, मंजुरीचा आदेश लागतो, आणि त्याला किती तारखा पडतील ते सांगता येत नाही. परदेशी ई-मेलची वाट बघू नका, हे काम आज सुरू करा.

सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांचा मार्ग वेगळा. तिथे अधिष्ठात्यांमार्फत विभागाची परवानगी घ्यावी लागते.

सीटीआरआयची तारीख

ट्रायलची नोंद सीटीआरआयवर, म्हणजे देशातल्या क्लिनिकल ट्रायलच्या ऑनलाइन नोंदवहीत, मोफत होते. १ एप्रिल २०१८ पासून पहिला रुग्ण घेण्याआधीच ती झालेली असावी लागते. अर्ज सबमिट केला म्हणजे नोंद झाली असं समजून रुग्ण घेतात. क्रमांक येतो तेव्हाच नोंद होते, आणि त्याआधी दोन-तीन वेळा शंका विचारल्या जातात. पहिल्या रुग्णाची तारीख क्रमांकाच्या तारखेच्या आधीची निघाली, तर ती चूक दुरुस्त करायला जागा नाही.

संमतीपत्र

मराठीत हवंच, आणि मराठीतून उलट भाषांतर करून पडताळलेलं. पण देगलूर-बिलोलीकडे तेलुगू, उमरगा-निलंग्याकडे कन्नड, शहरांत उर्दू आणि तांड्यांवर गोरमाटी बोलणारे रुग्ण येतात. एकाच मराठी प्रतीवर मंजुरी घेतली तर हे रुग्ण आपोआप बाहेर राहतात. आधीच विचार करा.

पक्षाघातात बऱ्याच रुग्णांना बोलता येत नाही, आणि काही रुग्ण प्रत्येक प्रश्नाला मान हलवतात. एका आजोबांना मी पाहिलं होतं. ‘दुखतंय का’ला हो, ‘दुखत नाही ना’लाही हो. उजवा हात लुळा. त्यांचा अंगठा शाईत बुडवून कागदावर टेकवणं म्हणजे संमती नव्हे. अशा वेळी कायदेशीर प्रतिनिधीची संमती लागते, आणि प्रतिनिधीला वाचता येत नसेल तर अभ्यासाशी संबंध नसलेला साक्षीदार. वॉर्डातली सिस्टर साक्षीदार नको, ती बहुधा अभ्यासातच असते. आजोबांची सून नवऱ्याबद्दल म्हणाली, ‘ते पुण्याहून निघालेत, ते येऊ द्या.’ तिला घड्याळ दाखवून घाई करू नका. घरचे नाही म्हणाले तरी नेहमीचा उपचार थांबत नाही, हे तिला पहिल्याच वाक्यात सांगा. रुग्ण शुद्धीवर आला, बोलायला लागला, की त्याची स्वतःची संमती पुन्हा घ्या. सही केलेली प्रत घरच्यांच्या हातात द्या. नव्या रासायनिक रेणूच्या ट्रायलमध्ये असा असुरक्षित रुग्ण असेल, तर संमतीचं ऑडिओ-व्हिडिओ रेकॉर्डिंग सक्तीचं आहे.

ट्रायलमध्ये गंभीर दुष्परिणाम घडला तर मुख्य संशोधकाने २४ तासांत सीडीएससीओ, प्रायोजक आणि नैतिकता समिती, तिघांनाही कळवायचं. रविवार धरून २४ तास. इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई कोण देणार, हे करारात आणि संमतीपत्रात एकसारखं लिहिलेलं असावं.

नव्वदाव्या दिवशी

पक्षाघाताच्या बहुतेक अभ्यासांचा निकाल ९० व्या दिवशीच्या रँकिन मोजपट्टीवर ठरतो. शून्य म्हणजे कसलाच त्रास नाही, सहा म्हणजे मृत्यू. हा एक आकडा मिळाला नाही तर रुग्ण घेऊनही न घेतल्यासारखा होतो. अर्जात ‘पाठपुरावा कसा कराल’ या रकान्यात ‘फोनद्वारे’ एवढंच लिहिलेले अर्ज शंका घेऊन परत येतात, आणि ते बरोबरच आहे. बीडमध्ये ऑक्टोबरात दाखल झालेल्या बाईचं घर जानेवारीत कुलूपबंद असतं. सगळं कुटुंब कोल्हापूरकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेलं असतं, आणि कागदावरचा फोन नंबर पुतण्याचा, तोही बदललेला.

म्हणून नंबर तीन घ्या: घरातला एक, गावात राहणाऱ्या नातेवाइकाचा एक आणि मुकादमाचा एक. हे नंबर घेणार आणि त्यांवर फोन करणार, हे संमतीपत्रात लिहून समितीकडून मंजूर करून घ्या. मुकादमाला आजाराबद्दल काही सांगायचं नाही, फक्त ‘त्या बाईंशी बोलणं करून द्या’ एवढंच म्हणायचं, हेही त्यातच लिहा. फोन संध्याकाळी सातनंतर करा. त्याआधी ते फडात असतात.