अमावास्येला मशीन जास्त खोल पकडतं?

पन्हाळा-जोतिबाच्या पट्ट्यात हमखास ऐकू येतं: अमावास्येला धन वर येतं आणि मेटल डिटेक्टर दुप्पट खोल पकडतो. दोन्ही खोटं. कॉइलच्या, म्हणजे मशीनच्या खालच्या गोल तबकडीच्या, बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत प्रवाह तयार होतो, त्याचा परतीचा सिग्नल मशीन टिपतं. चंद्राचा संबंध नाही. नऊ-दहा इंची कॉइलला रुपयाएवढं नाणं साधारण 20-25 सेंटीमीटरपर्यंत लागतं. वीस फुटांवरचा हंडा दाखवतो म्हणणारा फक्त मशीन खपवतोय.

इथली खरी अडचण जांभा दगड. त्यातल्या लोहामुळे मशीन उगाच कुरकुरतं. धातू नसलेली जागा बघून कॉइल जमिनीपासून 3 ते 30 सेंटीमीटर वर-खाली करायची आणि आवाज एकसारखा होईपर्यंत ग्राउंड बॅलन्स (जमिनीचा स्वतःचा सिग्नल दाबणारं बटण) फिरवायचा. तरीही बडबड थांबली नाही तर सेन्सिटिव्हिटी उतरवा. अशा जमिनीत ती वाढवून नुसता गोंगाट वाढतो. अंधारात कॉइल पाच सेंटीमीटर उचलली गेली की तेवढी खोली गेली. शेतीची लाईट रात्रपाळीला असली तर पंपाच्या तारांची खरखर वेगळीच.

रात्र निवडतात ती नजर चुकवायला. संरक्षित गडावर विनापरवाना खणणं गुन्हा आहे, आणि 1878 च्या कायद्यानं दहा रुपयांवरचं गुप्तधन कलेक्टरला कळवावंच लागतं.