कुटुंबात राहताना जेवणाची सोय कशी ठरवावी? (पुण्यात खोली घेणाऱ्यांसाठी माहितीपत्रक)

खोली बघायला येणारे आधी भाडं विचारतात, मग वायफाय, मग बाथरूम वेगळं आहे का ते. जेवणाचा विषय "ते बघू नंतर" म्हणून राहून जातो. आमचा अनुभव असा, की घरचे लोक आणि राहायला आलेला मुलगा किंवा मुलगी यांच्यात कुरबुर होते ती बहुतेक वेळा जेवणावरूनच. म्हणून खोली पक्की करण्याआधी हे पत्रक वाचा. पालक सोबत आले असतील तर त्यांनाही वाचायला द्या.

सदाशिव, नारायण, शनिवार पेठ, कोथरूड, कर्वेनगर इथल्या ज्या घरांत आम्ही सोय करून देतो, तिथे साधारण चार प्रकार चालतात. एक, दोन्ही वेळचं जेवण घरी. दोन, सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्रीचं जेवण घरी, दुपारचं बाहेर. तीन, नुसती खोली. जेवायला मेस लावायची किंवा डबा मागवायचा. चार, खोलीबरोबर स्वयंपाकघर वापरायची मुभा.

आधी तुमचं घड्याळ बघा

"जेवण चांगलं असतं ना?" हा प्रश्न सगळे विचारतात. त्याआधी विचारायला हवं ते हे, की या घरात पानं किती वाजता मांडतात आणि त्या वेळी मी घरात असतो का.

संध्याकाळी सातच्या सुमारास काकू कणीक भिजवायला घेतात. परातीत पीठ घेतानाच त्यांचा हिशोब झालेला असतो: काकांच्या तीन पोळ्या, आजींची दीड, तुमच्या चार. साडेआठला तुमचा फोन येतो, "काकू, मी मित्रांबरोबर जेवून येतोय." तोवर चारही पोळ्या डब्यात गेलेल्या असतात. एखाद्या दिवशी सकाळी त्यांचा कुस्करा होतो आणि कुणी काही बोलत नाही. आठवड्यातून तीनदा असं झालं, की घरात नाराजी सुरू होते, आणि ती रास्त असते.

वार लावून जेवणाऱ्या विद्यार्थ्यांची या शहरात जुनी परंपरा आहे. ज्या वारी ज्या घरी पान, तिथे वेळेवर पोचणं हा तेव्हाचा पहिला नियम. आज तुम्ही पैसे मोजून जेवता, तरी घरचा स्वयंपाक घरच्याच वेळेने होतो.

म्हणून स्पर्धा परीक्षेची तयारी करणाऱ्यांना आम्ही स्पष्ट सांगतो, की तुम्ही सकाळी अभ्यासिकेत जाऊन रात्री दहाला परतणार असाल, तर दोन्ही वेळचं घरचं जेवण घेऊ नका. दुपारी जेवायला घरी येण्यात दीड तास जातो, आणि महिनाभरात तुम्ही यायचं सोडून देता. अशांनी दुपारी अभ्यासिकेजवळची मेस लावावी. रात्रीचं घरी हवं असेल तर ताट झाकून ठेवायला घरचे तयार आहेत का, हे आधी विचारून घ्यावं. आयटीत रात्रपाळी करणाऱ्यांनी तर नाश्ता आणि दुपारचं जेवण मागावं. असं ठरवून देणारी घरं आमच्याकडे आहेत, पण कुणी विचारतच नाही.

खाडा

समजा, दोन्ही वेळच्या जेवणाचे महिन्याला ३,६०० रुपये ठरले. तीस दिवसांची साठ जेवणं, म्हणजे एका जेवणाचे ६० रुपये. दुपारी तुम्ही कधीच घरी नसाल तर १,८०० रुपये न जेवता गेले, शिवाय बाहेरच्या जेवणाचा खर्च वेगळा. (हे आकडे उदाहरणापुरते आहेत. प्रत्येक घराचा दर वेगळा असतो.)

न जेवलेल्या दिवसाचे पैसे कापले जातात का, हे पहिल्याच दिवशी विचारा. मेसमध्ये बहुधा सलग काही दिवसांचा आणि आधी सांगितलेलाच खाडा धरतात. सुटा एक दिवस धरत नाहीत. आमच्या यादीतल्या घरांशी आमचं ठरलेलं आहे, की आदल्या रात्री सांगितलं तर खाडा धरायचा, त्याच दिवशी सांगितलं तर नाही. दिवाळीत किंवा परीक्षेनंतर गावी जाणार असाल तर तारखा लिहूनच द्या.

पाहुणा आला तर त्याच्या जेवणाचे वेगळे पैसे द्यावे लागतात का, हेही तेव्हाच विचारावं. मित्र दारात उभा असताना हा विषय काढणं कुणालाच बरं वाटत नाही.

घरातल्या रीती

श्रावणात, काही घरांत अख्ख्या चातुर्मासात, कांदा-लसूण बंद असतो. चतुर्थीला, एकादशीला घरातल्या सगळ्यांचा उपवास असेल तर त्या दिवशी साबुदाण्याची खिचडी नाहीतर वरीचे तांदूळ आणि दाण्याची आमटी हेच जेवण. तुम्हाला ते चालणार नसेल तर वेगळी भाजी-पोळी मिळेल का, हे विचारण्यात काही गैर नाही. नियम काटेकोर पाळणाऱ्या जैन कुटुंबात कंदमुळं नसतात आणि जेवण सूर्यास्ताआधी उरकतं, त्यामुळे सहानंतर क्लास असणाऱ्यांची तिथे अडचण होते. अंडी चालतात का, बाहेरून आणलेलं मटण खोलीत बसून खाल्लं तर चालतं का, हे लपवाछपवी न करता आधीच ठरवा.

मुलींसाठी एक गोष्ट. काही घरांत पाळीच्या दिवसांत स्वयंपाकघरात येऊ देत नाहीत. जेवणाची किंवा स्वयंपाकघराची सोय घेणाऱ्या मुलीला आम्ही अशा घरी पाठवत नाही. तरीही कुठे असा अनुभव आला तर आम्हाला लगेच कळवा. महिन्याच्या मध्येच असलं तरी आम्ही घर बदलून देतो आणि त्याचे पैसे घेत नाही.

चवीचंही थोडं. लातूर-नांदेडकडून किंवा विदर्भातून आलेल्यांना गूळ घातलेली आमटी सुरुवातीला जड जाते, आणि ज्वारीच्या भाकरीची सवय असलेल्यांना रोजची पोळी पुरत नाही. भाकरी करणारी घरं आहेत, मागा. घरून आणलेलं शेंगदाण्याचं तिखट किंवा ठेचा पानात वाढून घेतला तर काकूंना राग येत नाही. पान तसंच टाकून उठलात तर येतो.

मेस, डबा आणि स्वयंपाकघर

डबा लावताना अन्न सुरक्षेच्या नोंदणीचा चौदा अंकी क्रमांक विचारा. घरगुती डबेवाल्यांनाही ही नोंदणी करावी लागते. आधी दोन-चार दिवस पैसे देऊन जेवून बघा, मग महिन्याचे भरा. जिथे जेवाल तिथल्या पाण्याची चौकशी नक्की करा. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्ता भागात जीबीएसचे (गियाँ-बारे सिंड्रोम, मज्जातंतूंचा आजार) रुग्ण वाढले, तेव्हा दूषित पाण्याचीच चर्चा होती. पाणी गाळलेलं आहे की उकळलेलं, हे विचारल्यावर तोंड वाकडं करणाऱ्याकडे जेवू नका.

स्वयंपाकघराची मुभा ऐकायला छान वाटते, पण ओटा एकच असतो. कोणत्या वेळी मोकळा, गॅसचे पैसे कसे, फ्रिजमधला कोणता कप्पा तुमचा, भांडी तुमची की घरची, हे ठरलेलं नसेल तर ही सोय घेऊ नका. खोलीत इंडक्शन लावायला बहुतेक घरांत मनाई असते.

आमच्याकडे येताना

तुमचं आठवड्याचं वेळापत्रक कागदावर लिहून आणा: किती वाजता बाहेर पडता, किती वाजता येता, रविवारी काय करता. पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर तीही लिहा. त्यावरून आम्ही दोन-तीन घरं सुचवू. शक्य असेल तर पैसे भरण्याआधी त्या घरी एक वेळ जेवून या. मग जेवणाचा प्रकार, वेळा, दर आणि खाड्याचा नियम एका चिठ्ठीवर लिहून तुमची आणि घरमालकांची सही घेतो. पहिला महिना एकच वेळ ठरवा; जमलं तर दुसरी वाढवता येते. पुढच्या महिन्यासाठी काही बदलायचं असेल तर २५ तारखेच्या आत कळवा, म्हणजे घरच्यांना किराणा भरण्याआधी सांगता येईल.