फोन धातूच्या कव्हरात घालण्याआधी

बांधकामावर, वर्कशॉपमध्ये काम करणाऱ्यांच्या आणि सह्याद्रीत भटकणाऱ्यांच्या हातात हल्ली अ‍ॅल्युमिनियमच्या जाड कव्हरातले फोन दिसतात. चारही बाजूंनी स्क्रूने आवळलेलं कव्हर, आत रबराचं अस्तर. हातात घेतलं की वजन जाणवतं आणि वाटतं, आता फोनला काही होत नाही. ज्यांचं पोट फोनवर येणाऱ्या कामावर चालतं, त्यांनी हा भरवसा एकदा नीट तपासून घ्यावा.

एक मीटरवरून सुटलेला फोन जमिनीला टेकतो तेव्हा त्याचा वेग ताशी १६ किलोमीटरच्या आसपास असतो. दोनशे ग्रॅमच्या फोनात तेव्हा जेमतेम २ ज्यूल ऊर्जा असते. ही काही फार नव्हे. घात होतो तो थांबताना. हिशेब अगदी सोपा आहे: पडण्याच्या उंचीला थांबायला मिळालेल्या अंतराने भागायचं. गुरुत्वाकर्षणाच्या सरासरी किती पट झटका बसला, ते कळतं. शहाबादी फरशीवर उघडा फोन अर्ध्या मिलिमीटरमध्ये थांबला, तर झटका २००० पट. तोच फोन अडीच मिलिमीटर रबर दाबत थांबला, तर ४०० पट. दोन मिलिमीटर जागा मिळाली आणि झटका पाचपट कमी झाला.

ही जागा धातू देत नाही. ताठरपणा, म्हणजे दाबाखाली आकार न बदलण्याचा गुण, गिगापास्कलमध्ये मोजतात. अ‍ॅल्युमिनियमचा तो सुमारे ७० गिगापास्कल आहे आणि काचेचाही जवळपास तेवढाच. नेहमीच्या कडक कव्हरांचं प्लास्टिक, पॉलिकार्बोनेट, अडीच गिगापास्कलच्या आसपास येतं, तर रबरासारखं टीपीयू त्याच्याही कितीतरी खाली. त्यामुळे आत अस्तर नसलेलं, फोनला घट्ट बसणारं नुसतं धातूचं कव्हर आदळण्याचा झटका बराचसा आत पोचवतं. कोपरा चेपला तर थोडी ऊर्जा त्यात खर्च होते, पण जाड कव्हर सहजी चेपत नाही, आणि ते विकलं जातं तेही त्याच गुणावर.

धातूचं काम वेगळं आहे, आणि ते समजायला काच का फुटते हे पाहायला हवं. ब्रिटिश अभियंता ग्रिफिथ यांनी १९२१ मध्ये मांडलं की काचेची ताकद तिच्या पृष्ठभागावरच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक चिरांवर ठरते. काच ताणली गेली की सगळा ताण त्या चिरेच्या टोकाशी गोळा होतो आणि चीर धावत सुटते. फोनची काच म्हणूनच पोटॅशियमच्या गरम, वितळलेल्या क्षारात बुडवतात. काचेतल्या सोडियमच्या जागी आकाराने मोठे पोटॅशियमचे आयन (विद्युतभार असलेले अणू) घुसतात, दाटी होते आणि पृष्ठभाग कायम दाबाखाली राहतो. चिरा मिटलेल्या राहतात. पण टोकदार खडी हा दाबलेला थर भेदून खाली गेली, की ही तटबंदी संपते.

धातू कामाला येतो तो इथे. खडीचं टोक त्याच्यावर आदळलं, तर एका बिंदूवरचा भार तो मोठ्या भागावर पसरवतो. अवजाराखाली फोन चेपला गेला किंवा मागच्या खिशात ठेवून कुणी त्यावर बसलं, तर तो वाकू देत नाही. हेल्मेटची वरची टोपी आणि आतला थर्माकोल जशी कामं वाटून घेतात, तशीच वाटणी इथे धातूची आणि रबराची असते. पडण्यातून वाचवतं ते मुख्यतः आतलं अस्तर. कव्हर घेताना माझी नजर तरी आधी त्या अस्तराच्या जाडीवर जाते, विशेषतः कोपऱ्यांत. कव्हराची कडा काचेच्या पातळीहून वर हवी. सपाट फरशीवर ती काचेला टेकू देत नाही. उघड्या खडीवर मात्र तिचा उपयोग नाही.

खोक्यावर 'मिलिटरी ग्रेड' लिहिलेलं असतं. त्याचा आधार अमेरिकी लष्कराचं मिल-एसटीडी-८१० हे मानक. त्याच्या २००८ च्या 'जी' आवृत्तीत वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा टाकतात: ६ बाजू, १२ कडा, ८ कोपरे. पण हे २६ आघात पाच नमुन्यांत वाटून घेता येतात आणि खाली असतं काँक्रीटवर ठेवलेलं सुमारे ५ सेंटिमीटर जाडीचं प्लायवुड. ही चाचणी बहुतेक वेळा कंपनी स्वतःच करते. लष्कर कुणाला प्रमाणपत्र देत नाही.

आता धातूची सगळ्यात मोठी किंमत. मायकेल फॅरडे यांनी १८३६ मध्ये दाखवलं की धातूच्या बंद पेटीत बाहेरचं विद्युतक्षेत्र पोचत नाही. रेडिओ लहरींचंही तसंच. एक गिगाहर्ट्झच्या लहरीचा जोर अ‍ॅल्युमिनियममध्ये २.६ मायक्रोमीटर खोलीवरच जवळपास एक तृतीयांशावर येतो. पोळ्या गुंडाळायची फॉइलसुद्धा याच्या कित्येक पट जाड असते. धातूच्या कव्हरातला फोन चालतो, कारण समोरची बाजू उघडी असते. पण फोनचे अँटेना कडांमध्ये असतात, आणि त्याच कडांवर धातू चढवला की अँटेनाची ठरवलेली लय बिघडते.

फोन बनवणाऱ्यांनाही हे झगडून सोडवावं लागलं. २०१० च्या आयफोन ४ मध्ये स्टीलची पट्टीच अँटेना होती. तिच्या फटीवर हात आला की सिग्नल पडायचा. शेवटी कंपनीने ग्राहकांना कडेने बसणारी बंपर कव्हरं फुकट दिली. नंतरच्या धातूच्या फोनांवर दिसणाऱ्या प्लास्टिकच्या रेघा लहरींना वाट द्यायलाच होत्या. २०१७ मध्ये आयफोन ८ ची पाठ पुन्हा काचेची झाली, कारण वायरलेस चार्जिंग हवं होतं. तिथे धातू आडवा आला की त्याच्यातच गोल प्रवाह फिरू लागतात, कव्हर तापतं आणि बॅटरी भरत नाही. टॅप करून पैसे देणंही अडू शकतं.

रेंज कमी झाली की फोन जास्त जोर लावतो, ४जीवर साधारण २०० मिलिवॅटपर्यंत. बॅटरी लवकर उतरते. जीपीएसला तर जोर लावायची सोयच नाही. उपग्रहाचा सिग्नल जमिनीवर पोचेपर्यंत एका वॅटच्या दहा लाखाव्या भागाचा दहा लाखावा, आणि त्याचाही दहा हजारावा भाग इतकाच उरतो. धुक्यातल्या घाटवाटेवर नकाशा बघणाऱ्याने हे ध्यानात ठेवावं.

घेतलेलं कव्हर तपासणं अवघड नाही. बऱ्याच अँड्रॉइड फोनांत सेटिंग्जमध्ये, सिमच्या माहितीत, सिग्नलचा आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नलचा जोर मोजायच्या एककात, दिसतो. त्यात दर दहा अंकांना जोर दहापट बदलतो. एकाच जागी, फोन त्याच दिशेने ठेवून, कव्हरासकट आणि कव्हराविना तो काही मिनिटं बघा. आकडा हलता असतो, म्हणून सरासरी धरा. उणे ९५ चा उणे १०५ झाला तर सिग्नल दहापट घटला. फरक तीन-चारच असेल आणि तुमच्या भागात रेंज चांगली असेल, तर कव्हर खुशाल वापरा. दहाच्या पुढे गेला, तर बाहेरून पॉलिकार्बोनेट आणि आतून जाड टीपीयू असलेलं कव्हर घ्या. फोन अवजाराखाली चेपला जाण्याची भीती नसेल, तर पडण्यापासून तेही तितकंच वाचवतं.